शून्य-पंधरा-पंधरा

गेल्या श्रावणात एका संध्याकाळी समोरच्या ब्लॉकमधल्या काकू दोन शहाळी घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या. चेहरा असा, की आधी शहाळी घ्यावीत की आधी काकूंना धरून बसवावं, हेच बायकोला कळेना. मी सोफ्यावर बसून भजी खात होतो. माझ्याकडे नजर जाताच काकू थबकल्या.

"अगं, हे घरी कसे?"

"का? कुठे असायला हवेत?"

"सकाळी जिन्यात फोनवर बोलत होते. आयव्ही म्हणाले, अटॅक म्हणाले, आणि आता काही उपयोग नाही, सोडून द्यायला हवं म्हणाले!"

बायकोने शांतपणे शहाळी हातात घेतली. "त्यांना काही झालेलं नाही, काकू. ते पोकेमॉन खेळतात."

काकूंच्या चेहऱ्यावरची काळजी गेली नाही. फक्त तिचा प्रकार बदलला.

दोष माझा नाही, डॉक्टरांचा आहे. साखर वाढली, तेव्हा ते म्हणाले, रोज पाच किलोमीटर चाला. आता विनाकारण पाच किलोमीटर चालणं हे माझ्या स्वभावात बसत नाही. चालायला काहीतरी कारण लागतं. ते भाच्याने पुरवलं. तो तेरा वर्षांचा आहे आणि त्याने माझा फोन घेऊन त्यात पोकेमॉन गो घातलं. हा खेळ जगात 2016 च्या जुलैमध्ये आला, भारतात अधिकृतपणे त्याच वर्षीच्या डिसेंबरात. म्हणजे सगळं जग खेळून, कंटाळून, सोडून, पुन्हा खेळू लागल्यावर मी त्यात शिरलो. नाटकाचा दुसरा अंक सुरू झाल्यावर अंधारात खुर्ची शोधणाऱ्या माणसासारखा.

पहिले दोन महिने सुखाचे गेले. रस्त्याने चालावं, फोनवर एखादं जनावर दिसावं, त्याच्यावर चेंडू फेकावा, ते आत गेलं की आनंद व्हावा. पोपटासारखा एक आवडला, तो ठेवला. एक डोकं धरून बसलेलं पिवळं बदक होतं. आमच्या हेडक्लार्कची आठवण झाली, तेही ठेवलं. बायकोचा आक्षेप फक्त अंड्यांना होता. या खेळात अंडी मिळतात, ती चालून उबवायची असतात. कुठलं दोन किलोमीटरचं, कुठलं पाच, कुठलं दहा. "त्या फोनमधली अंडी देव्हाऱ्यासमोर फोडायची नाहीत," एवढंच ती म्हणाली. मी हसलो. मग भाच्याने सांगितलं, की 2016 साली खेळ भारतात यायच्याही आधी, देवळांमध्ये याची अंडी सापडतात म्हणून गुजरात उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली होती. तेव्हापासून मी अंडी जिन्यात उबवतो. काकूंनी पुढे जे ऐकलं ते तिथेच.

मग दिवाळीच्या सुट्टीत भाचा आला आणि सुखाला नजर लागली. त्याने माझा संग्रह पाहिला. फळबाजारातला दलाल पेटीवरचं गवत बाजूला करून आंबा पाहतो, तसा.

"मामा, तू हे अप्रेझ केलं नाहीस?"

"म्हणजे?"

त्याने कुठलंसं बटण दाबलं. जनावराशेजारी तीन पट्ट्या उमटल्या. अटॅक, डिफेन्स आणि एचपी. प्रत्येक जनावर जन्माला येतानाच या तिन्हीत शून्य ते पंधरा असे गुण घेऊन येतं. वरून दिसत नाहीत. चेहरा तोच, रंग तोच, शेपूट तेवढंच. पण आत कुणी पंधरापैकी पंधरा, कुणी पंधरापैकी दोन. त्यालाच आयव्ही म्हणतात. तिन्ही पट्ट्या भरलेल्या असतील तर तो हंडो, म्हणजे शंभर टक्के. तिन्ही रिकाम्या असतील तर नंडो. सोळा गुणिले सोळा गुणिले सोळा, म्हणजे 4096 प्रकारच्या पत्रिका, आणि रानात सापडणाऱ्यांत हंडो होण्याची शक्यता 4096 मध्ये एक.

"आणि हे गुण वाढवता येत नाहीत?"

"सहसा नाही. जन्माला आलं तेच."

"अभ्यास करून?"

"मामा, ते पोकेमॉन आहे."

माझ्या बदकाला तीन ताऱ्यांपैकी एकही तारा नव्हता. पोपटाला एक. भाच्याने मान हलवली. "ट्रान्सफर कर." ट्रान्सफर म्हणजे त्या प्रोफेसर विलोंकडे पाठवून द्यायचं. ते त्या बदल्यात एक कॅन्डी देतात. जनावराचं पुढे काय होतं हे कुणी विचारत नाही. मीही विचारलं नाही. हेडक्लार्क गेले, एक कॅन्डी आली.

भाजीच्या गाड्यावर प्रत्येक भेंडीचं शेपूट मोडून बघणारी माणसं असतात. भाजीवाला ओरडतो, तरी मोडतात. मी त्या घराण्यातलाच आहे. त्यामुळे हे तंत्र हाती आल्यावर माझं चालणं कसं झालं असेल याची कल्पना करा. दहा पावलं चालायचं, एक पकडायचं, उभं राहायचं, शेपूट मोडायचं, नाक मुरडायचं, सोडून द्यायचं. पाच किलोमीटरला पूर्वी तास लागे, आता तीन तासांत दीड किलोमीटर होई. एकदा एका बंगल्याच्या फाटकाशी असाच पट्ट्या बघत उभा होतो. आतून बाई आल्या.

"कोण हवंय?"

"स्नॉरलॅक्स," मी म्हणालो.

"ते पुढच्या गल्लीत राहतात," त्या म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

पावसात तर आणखी मौज. ज्या हवेला जे जनावर मानवतं, त्या हवेत ते जास्त दमाचं सापडतं आणि त्याचे तिन्ही गुण निदान चार-चार तरी असतात. पाऊस पाण्याच्या, विजेच्या आणि किड्यांच्या जातीला मानवतो. मला मानवत नाही. जुलैत मी सलग तीन दिवस भिजत मासे पकडले आणि चौथ्या दिवशी मला 102 ताप आला. माझ्या पट्ट्या तेव्हा कुणी पाहिल्या असत्या तर प्रोफेसरांनीही घेतलं नसतं.

वाईट असं, की हे खूळ फोनमध्ये राहत नाही. त्याच सुमारास बायकोच्या मावशी एका मुलीचं स्थळ जुळवायला आल्या होत्या. "अठरा गुण जमले. छत्तीसात अठरा म्हणजे चालतंय," त्या म्हणाल्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "पन्नास टक्के? म्हणजे एकच तारा!" मावशींनी चहाचा कप खाली ठेवला. रात्री मी सहज आमची जुनी पत्रिका काढून बघितली. एकवीस गुण. अठ्ठावन्न टक्के. पुन्हा एकच तारा.

"काय बघताय?" बायकोने विचारलं.

सांगितलं.

"मग करा ना ट्रान्सफर. एक कॅन्डी मिळेल," ती दिवा मालवत म्हणाली. "तीही तुम्हाला चालायची नाही."

या उद्योगात मी सहाशेहून जास्त जनावरं प्रोफेसरांच्या घरी पाठवली. उरली ती सगळी तीन ताऱ्यांची. मग त्यांना ओळखायचं कसं, म्हणून नावं दिली. खेळात नाव बारा अक्षरांत बसवावं लागतं, पण माझं त्याहून कमीत भागे. "15-14-15", "13-15-15", "15-15-12". बायको म्हणाली, बारसं करताय की दहावीची गुणपत्रिका भरताय? मी लक्ष दिलं नाही. भाच्याच्या वाढदिवसाला मी माझ्याकडचा एक हंडो त्याला भेट दिला. खेळात अशी देवाणघेवाण करता येते. तो त्याच्या फोनमध्ये पोचला आणि दोन ताऱ्यांचा निघाला. दिल्या-घेतल्यावर गुण नव्याने पडतात म्हणे.

"हे आधी सांगायचंस की!"

"मला वाटलं, तुला माहीत आहे," भाचा म्हणाला. "पण थँक्यू, मामा." आणि माझ्यासमोर त्याने तो ट्रान्सफर केला.

एवढ्यावर थांबलं असतं तर हा लेख झाला नसता. पुढच्या वर्षी मे महिन्यात भाचा पुन्हा आला. आता त्याला मिसरूड फुटू लागलं होतं आणि तो लढायांकडे वळला होता. म्हणाला, "मामा, ग्रेट लीगसाठी तुझ्याकडे शून्य-पंधरा-पंधरा कोण आहे?"

"शून्य?"

"हो. अटॅक शून्य, बाकी दोन पंधरा."

"ते मी काढून टाकले! तूच म्हणालास!"

"कधी?"

"दिवाळीत!"

"दिवाळीत मी लहान होतो."

मग त्याने मला समजावलं. ग्रेट लीगमध्ये 1500 सीपीची मर्यादा असते. सीपी म्हणजे जनावराची एकूण ताकद, आणि ती मोजताना अटॅक आहे तसा धरतात, पण डिफेन्स आणि एचपीचं वर्गमूळ घेतात. म्हणजे अटॅकचा एकेक गुण महाग, बाकीचे स्वस्त. शाळा सुटल्यापासून वर्गमूळ मला कुठेच भेटलं नव्हतं. भेटलं ते पन्नाशीनंतर, माझी सहाशे जनावरं गेल्यावर. तरी माझी मान हलेना, तेव्हा भाच्याने विमानाचं उदाहरण दिलं. बॅगेला 15 किलोची मर्यादा आहे. बॅगच जड असेल तर आत काय मावणार? हलकी घेतलीस तर आईचा दोन किलो चिवडा जास्त जातो. शून्य अटॅकवाला म्हणजे हलकी बॅग. त्याला जास्त पायऱ्या चढवता येतात, तो जास्त टिकतो.

"बहुतेकांचं असंच," तो म्हणाला. "सगळ्यांचं नाही. काही मुळातच इतके अशक्त, की त्यांना पंधरा-पंधरा-पंधराच लागतं. आणि मास्टर लीगला मर्यादाच नाही, तिथे हंडोच हवा."

"आणि फरक किती पडतो या सगळ्याने?"

भाच्याने वर पाहिलं. मी काहीतरी असभ्य विचारल्यासारखं. "थोडाच. पण असतो ना!"

हे वाक्य त्याने कुणाकडून उचललं ते मला ठाऊक आहे. साडी नेसवणाऱ्या पार्लरवालीला बायकोची बहीण हेच म्हणते.

मी ग्रेट लीगचा नाद सोडला आणि मास्टर लीगची तयारी सुरू केली. कारण त्या पावसाळ्यातल्या तापाने मला एक गोष्ट दिली होती. एक मॅजिकार्प, पंधरा-पंधरा-पंधरा. मॅजिकार्प हा या खेळातला सर्वांत निरुपयोगी मासा. त्याला एक उडी मारता येते, तिने समोरच्याला शून्य इजा होते. पण त्याला 400 कॅन्डी खाऊ घातल्या की त्याचा गॅराडोस होतो. निळा, जबडा वासलेला, राजवाड्याच्या भिंतीवर काढावा असा सर्पराज. आणि गुण तेच राहतात. एक मासा पकडला की 3 कॅन्डी, प्रोफेसरांना दिला की आणखी 1. म्हणजे आणखी शंभर मासे. पुण्याच्या नदीकाठी मी शंभर मासे पकडले. नदीकडे पाहून कुणाचा विश्वास बसणार नाही.

गॅराडोस झाला. ताकद वाढवायला जमवलेली सगळी चमचम पूड त्याला खाऊ घातली. आता फक्त प्रतिस्पर्धी हवा होता.

आमच्या बागेत सकाळी एक निवृत्त एसटी कंडक्टर येतात. उभी नोकरी पुणे-सातारा रस्त्यावर. नातवाचा जुना फोन त्यांच्याकडे, आणि त्यात हा खेळ. त्यांच्या जनावरांची नावं ऐकून मी आधी हसलो होतो. भला मोठा झोपाळू स्नॉरलॅक्स म्हणजे "स्वारगेट". "कधी बी बघा, हलत न्हाई." पाण्यातला व्हेपोरिऑन म्हणजे "नीरा". आणि एक तांबूस, लांब शेपटीचा, विजेच्या जातीचा राईचू. तो "खंबाटकी".

"खंबाटकी का हो?"

"घाटात अचानक वळण येतं ना साहेब, तसा हाय तो."

मी माझ्या तिघांची ओळख करून दिली. "15-14-15", "14-15-15" आणि शेवटी खर्जात, "15-15-15".

"गाड्यांचे नंबर हायत का?" त्यांनी विचारलं.

बाकावर बसून लढाई सुरू झाली. तीन विरुद्ध तीन, प्रत्येकाला दोन ढाली. इथे एक गोष्ट कळली, जी भाच्याने कधी सांगितली नव्हती. या लढाईत अंगठा आपटावा लागतो. सतत, जलद. आणि मोठा वार करताना पडद्यावर उडणाऱ्या चिन्हांवरून बोट फिरवावं लागतं. या गृहस्थांनी उभ्या बसमध्ये, घाटात, एका हाताने दांडा धरून दुसऱ्या हाताने तीस-पस्तीस वर्षं तिकिटं पंच केली होती. त्यांचा अंगठा टिकटिकटिक असा चाले, की बाकावरची चिमणी उडाली. माझा अंगठा आधी विचार करी.

स्वारगेटने वार केला. मी घाईघाईने ढाल पुढे केली. वार किरकोळ होता. पुन्हा वार. पुन्हा ढाल. पुन्हा किरकोळ.

"सुट्टे दिले," कंडक्टर म्हणाले. "आता नोट काढतो."

कसाबसा स्वारगेट पडला, माझाही एक गेला. मी गॅराडोस उतरवला. पडद्यावर निळा सर्पराज उभा राहिला आणि खरं सांगतो, माझे डोळे भरून आले. ताप, शंभर मासे, चारशे कॅन्डी. कंडक्टरांनी शांतपणे राईचू काढला.

"साहेब, त्याला उतरवा. दुसरा घ्या," ते म्हणाले.

"का? हा पंधरा-पंधरा-पंधरा आहे."

"असंल. पण पाण्याचा बी हाय आन् उडणारा बी. ईज दुप्पट लागंल."

माझ्याकडे मागे ड्रॅगनाइट बसलेला होता. विजेचं त्याला विशेष काही नाही. पण हंडो मागे घ्यायचा? लोक काय म्हणतील? म्हणजे बागेत लोक नव्हते, पण भाचा काय म्हणेल? मी अंगठा आपटत राहिलो. टिकटिकटिक आवाज आला, नंतर पडद्यावर विजेचा एकच लोळ. गॅराडोस आडवा.

नंतर मी घरी कागद घेऊन हिशोब केला. गॅराडोसचा मूळ अटॅक 237. त्यावर माझे पूर्ण पंधरा गुण, म्हणजे जेमतेम सहा टक्के. या सहा टक्क्यांसाठी मी ताप काढला. आणि या खेळात जातीला वर्मी लागणारा वार 1.6 पट बसतो. पाण्यालाही वर्मी आणि उडणाऱ्यालाही वर्मी, म्हणजे 1.6 गुणिले 1.6, 2.56 पट. सहा टक्क्यांची भिंत बांधून मी अडीचपट पुराला उभा होतो. हे 2.56 काही गुपित नाही. भाच्याच्या नऊ वर्षांच्या बहिणीला ते पाठ आहे. पण ते उघड्यावर पडलेलं, सगळ्यांना ठाऊक असलेलं ज्ञान. त्यात शेपूट मोडून बघायची मजा कुठून येणार?

बाकावर मात्र माझं मन मानेना. म्हटलं, असला वार करणारा राईचू नक्की हंडो असणार. "जरा त्याच्या पट्ट्या दाखवा."

"कसल्या पट्ट्या?"

त्यांना बटणच माहीत नव्हतं. मी दाखवलं. चार, दोन, सात. पंचेचाळीसपैकी तेरा. तारा एकही नाही. कंडक्टर बराच वेळ त्या रिकाम्या पट्ट्यांकडे बघत राहिले. मग हळूच विचारलं, "म्हंजे ह्यो हलका माल हाय?"

मी म्हणायला हवं होतं, नाही हो, आत्ता एका फटक्यात माझा चारशे कॅन्डींचा राजा लोळवला की त्याने. पण हरलेल्या माणसाकडून एवढी अपेक्षा बरी नव्हे. मी म्हणालो, "हलका म्हणजे… तसा हलकाच."

आठवडाभर ते बागेत आले नाहीत. आले तेव्हा डोळे तांबारलेले, हातात एक लांबट वही. कंडक्टर रोजच्या तिकिटांचा हिशोब ज्या वेबिलावर लिहितात, तशी उभ्या-आडव्या रेघा मारून त्यांनी तीनशेच्या वर जनावरांचे अटॅक, डिफेन्स, एचपी लिहून काढले होते. खाली बेरीज, बाजूला सही.

"बसा, एक लढाई होऊन जाऊ द्या," मी म्हणालो.

लढाई सुरू झाली. टिकटिक ऐकू येईना. प्रत्येक वेळी अंगठा वर थांबायचा, नजर वहीकडे जायची. "थांबा साहेब, ह्याचं चौदा हाय का तेरा…" तेवढ्यात मी मारून मोकळा. आयुष्यात पहिल्यांदा मी जिंकलो. गॅराडोस शेवटपर्यंत उभा होता. त्याला कुणी हातच लावला नाही.

"खंबाटकी कुठाय?" मी विचारलं.

"सोडला," ते म्हणाले. "एक कॅन्डी आली."

आम्ही दोघंही थोडा वेळ कारंज्याकडे बघत बसलो. ते बंद होतं. मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातून फोन काढला आणि इकडेतिकडे बघत, लाचेची नोट सरकवावी तसा माझ्यापुढे धरला. पडद्यावर एक तांबडा मासा जागच्या जागी उड्या मारत होता. नाव, "14-15-14".

"काल रात्री घावला," ते म्हणाले. "तीन तारे. ह्याला किती कॅन्डी लागत्यात म्हनला व्हता?"

"चारशे."

"आन् हायत सात." त्यांनी वही बगलेत मारली, टोपी नीट केली. "नदीवर आता किती मासे असतील?"

"पाऊस येईल असं वाटतंय," मी वर बघत म्हणालो. "पावसात निदान चार-चार तरी गुण असतात."

कंडक्टरांनी जिभेने दोनदा टिंग-टिंग केलं, आणि आम्ही निघालो.